दुकानातले पाच उंदीर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज लंबूने माझ्या बावीस वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवायचा बेत सांगितला, तोही चहा पिता पिता.

लंबू म्हणजे आमचे नवे डॉक्टर. पेशंट बघत नाहीत, संशोधन करतात. प्राणिगृहाच्या दारातून त्यांना वाकून यावं लागतं म्हणून लंबू. तोंडावर अर्थात डॉक्टरच म्हणते. मला पाठीमागे सगळे जेलरबाई म्हणतात, तेव्हा फिटंफाट.

ह्या प्राणिगृहाची मी प्रमुख. आमचे उंदीर साधेसुधे नव्हेत. त्यांच्यात माणसाच्या प्रतिकारशक्तीची जनुकं घातलेली आहेत. एखादी लस माणसाला टोचण्याआधी माणसाचं शरीर तिच्याशी कसं वागेल, ते ह्यांच्यावर बघून घेतात. त्यांना एकही जंतू शिवू द्यायचा नाही, हे माझं काम. हवा गाळलेली, पाणी उकळलेलं, पिंजऱ्यातला भुसासुद्धा वाफेवर शिजवलेला. आत जायचं तर अंघोळ करून, डोक्यापासून पायापर्यंत झाकून. बावीस वर्षांत इथे एकदाही साथ आलेली नाही.

"ताई, ती मागची लस आठवते ना?" लंबू म्हणाले. "आपल्या उंदरांत झकास चालली. माणसांत काहीच नाही."

"मग माणसांना रागवा. माझ्या उंदरांची काय चूक?"

हसले. म्हणाले, "जनुकं माणसाची आहेत हो, पण ती प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाची राहिलीये. तिने जन्मात जंतू पाहिला नाही. शिकणार कुठून?"

त्यांचा बेत असा. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पाच उंदीर आणायचे, जसे असतील तसे घाणेरडे. आमच्या चार-चार उंदरांच्या पिंजऱ्यात त्यातला एकेक सोडायचा. साठ दिवस एकत्र ठेवायचे आणि मग रक्त तपासायचं. दुसरीकडे असं केलंय म्हणे. "काही मरतील," म्हणाले. "पाचातला एक, साधारण." माझा चहा तसाच राहिला.

घरी आले तर तेच दुसऱ्या तोंडून. सूनबाई म्हणाली, "आई, खारूला बालवाडीत घालू या का? कोपऱ्यावरची चांगली आहे."

खारू माझी नात, साडेतीन वर्षांची. दहा आठवडे आधी जन्मली, अकराशे ग्रॅमची. आमच्या हिशेबात पंचेचाळीस उंदीर. सात आठवडे काचेच्या पेटीत होती. एकदा तर तिच्या डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाहेर बोलावून मनाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. तेच डॉक्टर आता म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत, चार पोरांत सोडा तिला. त्यांना बोलायला काय जातंय? मी सांगितलं, पाच पूर्ण होईपर्यंत नाही. आमचे हे नेहमीसारखेच गप्प. हे घरी बसून शिवणयंत्रं दुरुस्त करतात, सून चष्म्याच्या दुकानात जाते, त्यामुळे दिवसभर खारू ह्यांच्याजवळच असते. काय वाईट चाललंय तिचं?

खारू: ९८.२

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वरच्यांनी लंबूंना मंजुरी दिली. मला विचारलंही नाही, नुसतं कळवलं.

मी अटी घातल्या. पॅसेजच्या टोकाची खोली, स्वतंत्र दार, बाहेर पडताना अंघोळ. त्या खोलीत गेलेल्याने तीन दिवस स्वच्छ बाजूला पाऊल टाकायचं नाही. लंबू सगळ्याला हो म्हणाले. ती खोली बडबडीने घेतली. बडबडी माझी पंधरा वर्षांची जोडीदारीण, पिंजरे बदलताना उंदरांशीसुद्धा बोलत असते. "मला चालेल बाई," म्हणाली. "माझ्या घरात ह्याहून जास्त घाण आहे." हिला काय बोलावं?

खारू: ९८.४

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आले एकदाचे. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच माद्या. एक तपकिरी, एकीचा कान फाटलेला, एकीची शेपूट अर्धी. आणि वास! लंबूंनी तिथल्या तिथे लेंड्या आणि रक्ताचे नमुने घेऊन तपासणीला पाठवले. लहान मुलाला खेळणं मिळावं तसे खूश होते.

आता दहा दिवस माझ्या ताब्यात, नव्या जनावरांच्या वेगळ्या खोलीत. सगळं रीतसर केलं. पिण्याच्या पाण्यात औषध, जंतांचं औषध, मानेवर पिसवांच्या औषधाचा थेंब. नवं जनावर आलं की माझे हात आपोआप चालतात. रजिस्टरात नोंद केली, "औषधं, नेहमीप्रमाणे."

घरी खारूच्या बुटात वाळू. हे म्हणाले, फेरी मारायला गेलो होतो, कोपऱ्यावर रस्ता खणलाय. म्हटलं, खणलेल्या रस्त्याकडेच नेलंत, दुसरी जागा नाही मिळाली? बूट धुऊन वाळत घातले. हल्ली ह्यांची सकाळची फेरी फार लांबायला लागली आहे. गुडघे दुखतात म्हणून रोज रडगाणं गायचे, ते बंद झालंय हे मात्र खरं.

खारू: ९८.४

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पाचही जणी दहा दिवसांत नव्या नवरीसारख्या दिसायला लागल्या. अंगावर तुकतुकी, डोळे चमकदार. आज एकेका पिंजऱ्यात सोडल्या. थोडी हुंगाहुंगी, मग सगळ्या एका ढिगात झोपल्या.

लंबूंच्या हातात पहिल्या दिवशीच्या नमुन्यांचा अहवाल होता. तेरा प्रकारचे जंतू. मला शिसारी आली, ते म्हणाले, "वा!" बडबडीला मी बजावलं की घाणेरडी खोली असली म्हणून पिंजरा घाणेरडा ठेवायचा नाही. ओला भुसा दिसला की बदल. भिंतीवर नियम लावलाय तो सगळ्या खोल्यांना आहे.

खारूने मनातल्या मनात दोन सवंगडी निर्माण केलेत. एक बाई आणि एक भोपळ्या. बाई म्हणाल्या हात वर करा, भोपळ्याने माझी लाल बादली घेतली, असं सारखं चालू असतं. मी सूनबाईला म्हटलं, बघ, पोरीची कल्पनाशक्ती किती आहे. ती घाईघाईने उठून भाजी बघायला गेली. भाजी तर उतरवून झाली होती.

खारू: १००.४. नाक वाहतंय. दाराशी हात धुवायची बाटली आहे, बाहेरचे कपडे दाराआडच उतरवतो, खेळणी दर रविवारी उकळते. कुठून शिरतं कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च

१०३. रात्रभर कुणी झोपलं नाही, आज रजा घेतली. छातीवर हात ठेवला की घरघर लागते हाताला. त्या काचेच्या पेटीपाशी उभी राहून मी तिचे श्वास मोजायचे, तसेच रात्रभर मोजले. तिचे डॉक्टर तपासून म्हणाले, साधा विषाणू आहे, तीन दिवसांत उतरेल.

मी ह्यांना ताडताड बोलले. दिवसभर खिडकी उघडी टाकता, कोण कोण यंत्रं घेऊन येतात, शिंकतात, खोकतात. हे म्हणाले, "हो. चूक माझीच." एरवी खिडकीवरून अर्धा तास वाद घालणारा माणूस! सूनबाईचे डोळे लाल होते. जागरणाने असणार. दोघी खारूच्या उशापायथ्याशी बसलो, पण सूनबाई माझ्याकडे बघेना.

गुरुवार, ६ मार्च

खारू: ९९. उतरला. पेज मागून घेतली. बाकी काही लिहायची ताकद नाही.

मंगळवार, १८ मार्च

खारूच्या कानामागे निळा रंग. हे म्हणाले, यंत्रावर खुणा करायचा आहे. ह्यांचा खुणांचा रंग गेली तीस वर्षं पांढरा आहे. आता निळा आणला असेल.

जेवताना मुलगा म्हणाला, त्याच्या कामाच्या जवळ घर बघतोय. तो लिफ्ट दुरुस्त करतो, ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हटलं, वीस मिनिटांची तर बस आहे. "बसचं नाही गं," एवढंच म्हणाला. मग कशाचं? चौघं कमावते आहोत, आजोबा घरात आहेत, पोरीला जपणारी मी आहे. घर वेगळं केलं तर तिचं कोण बघेल? ही सून दिवसभर दुकानात. मला खारूशिवाय करमायचं नाही हे मी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं का, कळत नाही.

खारू: ९८.६. शिंका चार.

बुधवार, २ एप्रिल

चाळीस दिवस झाले, वीसपैकी एकही उंदीर मेला नाही. आजारीसुद्धा पडला नाही. मी लंबूंना म्हटलं, "काळजी घेतली की असं होतं, डॉक्टर." त्यांचा चेहरा काही खुलला नाही. पाचातला एक म्हणाले होते ना? आमच्याकडे नाही चालत ते.

सूनबाईने थर्मामीटर पुसता पुसता विचारलं, "आई, तुम्ही रोज मोजून दमत नाही?" म्हटलं, त्यात दमायचं काय, सवय आहे.

खारू: ९९.८

बुधवार, २३ एप्रिल

रक्ताचे निकाल आले. काही बदल नाही. आमचे उंदीर होते तसेच, तान्ह्या बाळाच्या प्रतिकारशक्तीचे. लंबूंनी दुकानातल्या पाचही जणींना पुन्हा तपासलं. तेरापैकी एकही जंतू नाही. "ताई, ह्या आता आपल्या उंदरांपेक्षा स्वच्छ आहेत," म्हणाले, आणि डोकं धरून बसले. वरचे साहेब शुक्रवारी निर्णय घेणार. प्रयोग बंद झाला तर लंबूंना इथे ठेवायला दुसरं कारण नाही, असं बडबडी सांगत होती. तिला सगळं कळतं.

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, संपली एकदाची ब्याद. मग ऑफिसात येऊन रजिस्टर मिटायला घेतलं तर अकरा फेब्रुवारीचं पान समोर. "औषधं, नेहमीप्रमाणे."

कपाळावर हात मारून घेतला. घाण म्हणून आणलेले उंदीर मी धुऊन-पुसून, औषध पाजून आत सोडले! वर दर दोन दिवसांनी भुसा बदलायला लावला. जंतू भेटवायला आणलेल्या पाहुणीच्या हातात काही ठेवलंच नाही मी.

कुणालाच कळणार नाही. रजिस्टर माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

खारू: ९८.४

गुरुवार, २४ एप्रिल

सांगून टाकलं. सकाळी सकाळी, लंबूंनी पिशवी खाली ठेवायच्या आत. रजिस्टर उघडून पान पुढे केलं.

बराच वेळ वाचत होते. ओळ एक, दोन शब्दांची, तरी वाचत होते. मग खुर्चीत बसले. "तुम्ही लपवू शकला असतात," म्हणाले.

"बावीस वर्षांत न लिहिता काही केलेलं नाही. लिहिलेलं लपवायचं कसं?"

"आणि मी वाचलं नाही," लंबू म्हणाले. "म्हणजे चूक अर्धी माझी." मग एकदम हसायलाच लागले. "ताई, जगात कुठल्याच जेलरने कैद्यांना इतकं प्रेमाने वागवलं नसेल." म्हणजे नाव त्यांनाही माहीत आहे!

ते पान घेऊनच वर गेले. बदल का झाला नाही ते आता सांगता येत होतं, म्हणून पुन्हा एकदा करायला परवानगी मिळाली. एकदाच. मी म्हटलं, ह्या वेळी ती खोली मी घेते. स्वच्छ बाजू बडबडी सांभाळेल. लंबू म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला आत जाता येणार नाही तुमच्या उंदरांकडे." माहीत आहे मला. नियम मीच केलाय.

खारू: १००.२. सर्दी. हे म्हणाले, बरी होईल. झालीच शेवटी दर वेळी.

मंगळवार, ६ मे

नवे पाच दुकानातून आले. माझे हात शिवशिवत होते, म्हणून खिशात घालून उभी राहिले. औषध नाही, थेंब नाही, आले तसे थेट पिंजऱ्यांत सोडले. भुसा पंधरा दिवसांनी बदलायचा आणि बदलताना जुन्यातला मूठभर नव्यात टाकायचा. असला नियम मी स्वतःच्या हाताने भिंतीवर लावला.

आमच्या वीस जणींत एक आहे, लहानपणी पिंजऱ्याच्या झाकणात शेपूट अडकलेली. तिला मी बाटलीच्या नळीने पाणी पाजून वाढवलं होतं. ती तिसऱ्या पिंजऱ्यात. नंबर बदलून तिला मागे ठेवता आलं असतं. नाही ठेवलं.

खारू: ९८.४

मंगळवार, २० मे

चार गेल्या. आज शेपूटतुटकी. काल कोपऱ्यात केस फुलवून बसली होती, वजन दोन दिवसांत पाच ग्रॅमने उतरलेलं. आज सकाळी तिला फारच त्रास व्हायला लागला. नियमाप्रमाणे करायचं ते केलं, माझ्याच हाताने. मग पायऱ्यांवर बसून रडले. छप्पन्न वर्षांची बाई, एका उंदरासाठी.

बाकी सोळा जणी आजारी पडून उठल्या. खातात, घरटं करतात. लंबू म्हणतात आता जगतील.

पाचातला एक, हे कागदावर लिहायला ठीक आहे. माझ्या घरी पाच नाहीत, एकच आहे.

खारू: ९८.२

मंगळवार, ३ जून

ऑफिसला रंग लावताहेत म्हणून अकरालाच सुटले. अंघोळ झाली होती, रजिस्टर पिशवीत घेतलं, बसने कोपऱ्यावर उतरले.

बालवाडीचं कुंपण जाळीचं आहे. आत वाळूचा हौद. त्यात माझी खारू, ढोपरापर्यंत वाळूत, हातात लाल बादली. शेजारी एक भोपळ्यासारखा गोल पोरगा, नाक वाहतंय, बाहीने पुसतोय आणि त्याच हाताने तिच्या बादलीत वाळू भरतोय. एक बाई टाळ्या वाजवून हात वर करायला सांगत होत्या. झाडाखाली बाकावर आमचे हे, मांडीवर एक छोटी पिशवी धरून, शाळेतल्या मुलासारखे आज्ञाधारक.

डोक्यात आगडोंब उसळला. आत शिरावं, पोरीला उचलावं आणि एकेकाला धारेवर धरावं. जाळीला हात लावलासुद्धा. तेवढ्यात खारू घसरगुंडीवरून तोंडावर पडली. मी ओरडणार, तर ती उठली, हात झटकले आणि हसत पुन्हा शिडीला लागली. मोठमोठ्याने हसत होती. घरी ती इतक्या जोरात हसत नाही. मला वाटायचं तिचा स्वभाव शांत आहे.

कुणीच मला पाहिलं नाही. मी मागे वळले, पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि तिथे बसून राहिले. चारच्या सुमाराला नेहमीच्या वेळी घरी आले. हे म्हणाले, आलीस? म्हटलं, आले.

सगळ्यांनी मिळून मला फसवलं. माझ्या घरात, माझ्या नातीबाबत. इतकं वाईट मला पेटीपाशीसुद्धा वाटलं नव्हतं. तिथे निदान सगळे माझ्या बाजूने होते.

खारू: ९८.४

बुधवार, ४ जून

आज ही वही पहिल्यापासून वाचली. बुटातली वाळू. बाई आणि भोपळ्या. निळा रंग. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. लंबूंनी रजिस्टर वाचलं नाही म्हणून मी त्यांना मनातून हसले होते.

ज्या दिवशी काही लिहिलेलं नाही त्या दिवशीही तिचा आकडा आहे. म्हणून कामाची सवय, एका कागदावर महिन्यांप्रमाणे उतरवून काढले. नव्व्याण्णवच्या वर गेला तेव्हा ताप धरला. फेब्रुवारी, दोनदा. मार्च, तीनदा, त्यात तो एकशे तीन. एप्रिल, दोनदा. मे, एकदा, तोही अर्धा दिवस. जून अजून कोरा आहे.

कागद घेऊन लंबूंकडे गेले. नाव सांगितलं नाही, एक पिल्लू आहे म्हटलं. त्यांनी आकडे बघितले, मग माझ्याकडे. "ताई, उंदराचा ताप असा मोजत नाहीत," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मुलांचं मला सांगता येणार नाही. उंदरांवरून मुलांचं कुणी सांगायला लागलं तर ऐकूही नका. तिच्या डॉक्टरांना विचारा."

खारू: ९८.२

गुरुवार, १२ जून

विचारलं. एकटीच गेले. तिचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, बालवाडीतल्या पहिल्या वर्षाला हे असंच असतं, काही वेगळं नाही. म्हणाले, "आजी, मी हे तुम्हाला तीनदा सांगितलंय." म्हटलं, चौथ्यांदा सांगा. त्यांनी सांगितलं. ह्या वेळी मी ऐकलं.

"मग मार्चमध्ये काही बरंवाईट झालं असतं तर?" मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्या सुनेनेही हेच विचारलं होतं, रडत. ती तर बालवाडीतून नाव काढून घेणार होती.

ती रडली होती. तिथे जाऊन. माझ्यासमोर उशापायथ्याशी बसली होती तेव्हा गप्प होती, कारण माझ्यासमोर रडायची सोय मी ठेवली नव्हती. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय. घरी जाऊन बोलेन म्हटलं होतं, पण शब्द सापडले नाहीत. लंबूंसमोर सापडले होते. सुनेसमोर कठीण जातंय.

खारू: ९८.४

सोमवार, ७ जुलै

साठ दिवस भरले. निकाल आले. सोळाच्या सोळा जणींचं रक्त मोठ्या माणसासारखं. तीच ती जुनी लस त्यांना जूनमध्येच टोचली होती, तर माणसांत झालं तसंच, काहीच नाही. लस नापास झाली म्हणून लंबू नाचत होते. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं तरी हसतच होते. आता पुढच्या लशी आधी ह्यांच्यावर बघतील, म्हणजे फुकाची आशा माणसांपर्यंत जायच्या आधीच कळेल. मी सगळ्या सोळा जणींना जास्तीचे दाणे घातले आणि तसं लिहून ठेवलं.

घरी जेवायला बसलो. मुलगा म्हणाला, "आई, घर मिळतंय. ऑफिसजवळ, दोन खोल्या. पुढच्या महिन्यात जाता येईल." सूनबाई ताटात बोटाने रेघा काढत होती. हे पाण्याचा पेला हातात धरून बसलेले.

मी म्हटलं, "बघा. तुमचा संसार आहे. पण तिथून बालवाडी लांब पडेल. मधेच मोडू नका तिची, भोपळ्या सुटेल तिचा."

खारू ओरडली, "आजीला भोपळ्या माहितीये!"

"आई..." सूनबाई म्हणाली.

"अकरा फेब्रुवारीला बुटात वाळू होती," मी म्हटलं. "तेव्हापासून ना?"

"दहापासून."

"मग एक दिवस चुकला माझा."

ती रडायला लागली. मीही. मी म्हटलं, "मला भीती वाटत होती गं. ती पेटीत होती ना, ती मला अजून तिथेच दिसते." ती म्हणाली, "मलाही दिसते, आई. रोज. मार्चमध्ये मी नाव काढूनच टाकणार होते. बाबा म्हणाले, थांब." म्हणजे आमचे हे. घरातल्या निर्णयांत तीस वर्षं तोंडातून शब्द न काढणारे! मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "रंग निळा नसतो गं माझा," आणि भात मागितला.

घराचं पुढे काय, ते कुणी काढलं नाही. मुलगा म्हणाला बघू. जातीलही. गेले तर मी बसने जाईन.

जेवणं झाल्यावर सूनबाईने शिवणयंत्रांच्या लाकडी पेटीमागून ती बालवाडीची छोटी पिशवी काढली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली, हात धुवायच्या बाटलीच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. पिशवीला नाव नव्हतं. आम्ही पिंजऱ्याला लावतो तसलं एक कार्ड मी घेतलं आणि सवयीने भरायला लागले. मादी. जन्मतारीख. वजन, अकराशे ग्रॅम. मग ते खोडलं. तिला काट्यावर उभं केलं आणि नवं लिहिलं, साडेतेरा किलो. नोंदीच्या रकान्यात लिहिलं, "भोपळ्याच्या शेजारी बसते."

उद्या सकाळी मला रजा आहे. मी सोडायला जाणार आहे. बाकावर जागा करा म्हणून ह्यांना सांगितलंय.

खारू: मोजला नाही.